एकोणीस किलो आणि पावणेदोन मिनिटं

माळ्यावरचा वाजवायचा कीबोर्ड खाली काढायला आम्ही तिघं लागलो. मी, धाकटा भाऊ आणि शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं घर जुनं. जिना उभा, त्यात मधे एक वळण. त्याच्या खोक्याच्या, म्हणजे केसच्या, एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला मी, आणि पोरगा खालून "काका, डावीकडं, डावीकडं" म्हणून ओरडत होता. वळणावर भिंतीचा रंग निघालाच. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी तवाच म्हणालो हुतो, एवढ्या पैशात स्कूटी आली असती," एवढं म्हणून आत गेली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं याचा हिशेब नाही. त्या दिवशी मात्र त्यात राग नव्हता. जुन्या भाडेकरूची आठवण काढावी तसं म्हणाली.

कीबोर्ड एकोणीस किलोचा. केस धरून अठ्ठावीसच्या पुढं. २००९ साली मुंबईहून आणला, दीड लाखाच्या वर पैसे मोजून. त्यातले लाखभर पतसंस्थेचे. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनीही माझं कधी घेतलं नाही. चार वर्षं वाजवला असं मी लोकांना सांगतो, पण स्टेजवर तो जेमतेम एक वर्ष टिकला. उरलेली तीन वर्षं घरात, संध्याकाळी, दार लावून. २०१३ ला माळ्यावर गेला. तोवर कंपनीनंही तो बनवायचा बंद केला होता. ही बातमी कळली तेव्हा, खोटं का बोलू, बरं वाटलं. म्हणजे फसलेला मी एकटा नव्हतो, करणारेही फसले होते.

तेव्हापासून एक नाद लागला. बाजारात पडलेल्या कीबोर्डांची माहिती गोळा करायचा. जिंकलेल्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात राहून मी चितपट झालेल्यांची वही ठेवली. वहीत एक गोष्ट सारखी दिसत गेली. पडलेल्यांचा आवाज वाईट नव्हता. काहींचा तर त्या काळच्या बाकी सगळ्यांपेक्षा सरस होता.

माझ्याचंच घ्या. त्यातली व्हायोलिनं ऐकून अजूनही मान हलते. पियानोत कळ सोडल्यावर हातोडी परत बसल्याचा बारीक 'टक्' सुद्धा यायचा. मुंबईच्या दुकानात हेडफोन लावून मी तासभर वाजवत बसलो होतो. विकणारा मुलगा शहाणा, मधे एक शब्द बोलला नाही. दुकानात एसी होता, बसायला स्टूल होतं, लाइट जात नव्हती आणि शेजारी माइक धरून गायिका उभी नव्हती. तिथं तो पास झाला. होणारच.

कागलच्या पुढं एका गावची यात्रा होती, २०१० चा चैत्र. आमच्या ऑर्केस्ट्राला सुपारी मिळालेली. लोडशेडिंगचे दिवस, गावकऱ्यांनी जनरेटर आणून ठेवला होता, पण लाइट गेली की कुणीतरी अंधारात पळत जाऊन तो सुरू करायचा. नवा कीबोर्ड बघायला पोरं स्टेजला चिकटली होती. एवढा मोठा स्क्रीन असलेला 'कॅसिओ' त्यांनी बघितला नव्हता. (आमच्याकडं कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड हा कॅसिओच. त्या कंपनीनं जाहिरातीवर एक पैसा खर्च केला नसता तरी चाललं असतं.) मीही जरा फुशारलो होतो. जुना घरी ठेवून आलो होतो. नवरी घरात आल्यावर जुनी लुगडी कोण मिरवतं?

चौथ्या गाण्याच्या अंतऱ्यात लाइट गेली. वीसेक सेकंदांत जनरेटर धडधडला. माइक आला, स्पीकर आले, ऑक्टोपॅडवाल्यानं काठी मारली तर तो बोलला. माझ्या स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि त्याखाली एक निळी पट्टी सरकायला लागली.

पावणेदोन मिनिटं. घरी मी कधी मोजली नव्हती, कारण घरी तेवढ्यात माझा चहा यायचा. स्टेजवर गायिका माइक धरून माझ्याकडं बघतेय, ढोलकीवाला नुसता ठेका धरून थांबलाय, आणि निळी पट्टी निम्म्यावर येऊन विचारात पडलीय. शिट्ट्या सुरू झाल्या. "ए कॅसिओवाल्या, झोपलास काय रं?" असा एक आवाज आला आणि त्यावर सगळं मैदान हसलं. तेवढ्यात गावच्या भजनी मंडळाचे बुवा, सत्तरीच्या पुढचे, स्टेजच्या कडेला आरतीसाठी ठेवलेली पेटी ओढून बसले. "काळी चार न्हवं?" एवढंच, गाण्याचा सूर कुठला ते, विचारलं आणि भाता मारला. गायिकेनं तिथूनच अंतरा उचलला. ढोलकी आणि पेटीवर अख्खं गाणं झालं. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय, टाळ्या पडल्या. माझी पट्टी भरली तेव्हा गाणं संपायला आलं होतं.

पहाटे हायवेवर चहाला थांबलो. ऑर्केस्ट्राचा मालक बोलायला कडक माणूस, पण त्या दिवशी बशीतला चहा संपेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "भावा, पुढच्या नाइटला जुना आण." संपलं. माझ्या दीड लाखाचा निकाल पाच शब्दांत लागला.

त्या बुवांची पेटी मी पुढं बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. पेटी तरी आपली कुठं आहे? पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबेंनं हार्मोनियम केला तो खुर्चीवर बसून पायानं हवा भरायचा. आपण खाली मांडी घालून बसणारी माणसं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास त्याचे पाय काढले, भाता मागं लावला, आणि एका हातानं हवा, एका हातानं सूर अशी सोय केली. मोठ्या लोकांना ती कधीच आवडली नाही. सुरावरून सुरावर घसरत जायची मींड येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती बसत नाहीत, गळा बिघडवते; एक ना दोन. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढलं, ती १९७१ पर्यंत बाहेरच होती. एकतीस वर्षं! एवढ्या वर्षांत दुसरं कुठलंही वाद्य मोडीत निघालं असतं. पेटी तोवर प्रत्येक देवळात, प्रत्येक नाटक कंपनीत जाऊन बसली होती. आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, जन्म १८८१ चा, यांनी तिच्यावर काय काय केलं ते सांगायला मी अपुरा आहे. पण सांगायचं एवढंच की पेटीत दोष होते, ते सगळ्यांना माहीत होते, आणि तरी ती पडली नाही. तिला लाइट लागत नव्हती. ती काखेत मारून नेता येत होती. पत्ती घासून सूर लावणारा कारागीर मिरजेत मिळायचा, भात्याचं कातडं फाटलं तर गावचा चांभारसुद्धा चिकटवून द्यायचा.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र पेटी नाही. तिथं एक जोडी आहे, एकाच घरातल्या दोन भावांसारखी.

१९६७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचा संगीतकार सुराला कंप देऊन बघत होता. कंप वाढवत वाढवत इतका जलद केला की तो कंप म्हणून ऐकूच येईना. त्याजागी नवाच आवाज उभा राहिला, कधी घंटेसारखा, कधी पितळी वाद्यासारखा. अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना त्यात काही दिसलं नाही. जपानच्या यामाहाला दिसलं. त्यातून १९८३ मध्ये डीएक्स७ नावाचा कीबोर्ड आला. एका वेळी सोळा सूर, आत बत्तीस तयार टोन, म्हणजे आवाज, किंमत दोन हजार डॉलरच्या आत. लाखाच्या वर नग खपले. ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी ज्यानं ऐकली आहेत त्यानं तो काचेच्या घंटेसारखा इलेक्ट्रिक पियानो ऐकलाय, नाव माहीत नसेल एवढंच.

आता गंमत अशी की डीएक्स७ वर स्वतःचा टोन बनवणं म्हणजे डोकेदुखी. सपाट बटणं, दोन ओळींचा एवढासा स्क्रीन, आणि एक आकडा इकडचा तिकडं केला की घंटेचं डबडं होतं. वापरायला अवघड म्हणून कीबोर्ड पडतात असं लोक म्हणतात, पण मग हा पहिला पडायला हवा होता. पडला नाही, कारण ते अवघड काम कुणावर लादलेलं नव्हतं. बहुतेकांनी त्याला हातच लावला नाही. चालू करायचा, बत्तीसातला एक टोन घ्यायचा आणि कालपर्यंत वाजवत होतो तसंच वाजवायचं.

धाकटा भाऊ व्हीएल१. तेच स्टॅनफर्ड, तीच यामाहा, साल १९९४. ज्युलियस स्मिथ यांच्या संशोधनावर उभा. यात आवाज भरून ठेवलेला नव्हता. नळीत हवा कशी फिरते, पत्ती कशी थरथरते, याचं गणित यंत्र त्या क्षणी मांडायचं. तोंडात एक छोटी नळी धरायची, फुंकेल तसा सूर फुलायचा. जाणकारांनी डोक्यावर घेतला. विकला गेला नाही. महाग होता, आणि एका वेळी फक्त दोन सूर देत होता. सगळे हीच दोन कारणं सांगतात.

मला ती पुरेशी वाटत नाहीत. आपल्याकडं विजेवरचा कीबोर्ड पहिल्यांदा गाजला तो बीन म्हणून. १९५४ चा 'नागिन'. त्यातली बीन ही बीन नव्हतीच; कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजवली होती आणि सोबत रवींची पेटी होती. तो क्लॅव्हिओलिन एका वेळी एकच सूर द्यायचा. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. बोटं पेटीचीच, आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यापाशी एक दांडी. पेटी वाजवणाऱ्याचा गुडघा तसाही रिकामाच असतो! व्हीएल१ नं श्वास मागितला. बोटांवर आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्या सुरापासून सनईवाला व्हायला सांगितलं. आणि जो खरा सनईवाला, तो कीबोर्ड कशाला विकत घेईल? गिऱ्हाईक दोघांच्या मधल्या फटीत पडलं. (लग्नाच्या ऑर्डरी वाजवताना, सनईचा टोन लावून, मला नेहमी त्या यंत्राची आठवण यायची. कधी बघितलेलं नाही. मिळालं असतं तर मी फुंकायला शिकलो असतो का? नसतो शिकलो. रात्री तीनशे माणसांची जेवणं उठेपर्यंत कोण फुंकत बसणार.)

हाताचा हा मुद्दा मला पटवून द्यावा लागत नाही, माझ्या डाव्या अंगठ्याला तो पाठ आहे. आमच्या पिढीनं कोल्हापूर-सांगलीत हात बसवला तो रोलँड कंपनीच्या कीबोर्डावर. त्याच्या डाव्या बाजूला आडवी हलणारी एक दांडी असते. अंगठ्यानं जरा दाबली की सूर घसरतो. यामाहाला तिथं दोन चाकं असतात, कॉर्गला काडी. माहितीपत्रकात हा फरक एका ओळीचा. पण लावणीतला सनईचा पीस वाजवताना गंधारावरून रिषभावर उतरायचं असतं तेव्हा अंगठा विचार करत नाही, तो जातो. माझ्या नव्या कीबोर्डावर तो जायचा आणि तिथं काहीच नसायचं. चाक होतं, पण चार बोटं वर. पहिले दोन महिने माझ्या सगळ्या मींडी उशिरा आल्या. गायिका एकदा म्हणाली, "दादा, तुमची सनई जेवून आलीय काय?" कंपनीच्या इंजिनिअरनं चाक चांगलंच केलं होतं. त्याला माझा अंगठा माहीत नव्हता.

जुना म्हणजे रोलँडचा एक्सपी-८०. १९९६ चं मॉडेल, मी घेतला तो सेकंडहँड. शहात्तर कळा, एका वेळी चौसष्ट सूर, बाजूला फ्लॉपीचं तोंड आणि आत वेगळ्या आवाजांची चार कार्डं बसवायची सोय. एका कार्डात सगळी आशिया खंडातली वाद्यं होती. माणसं पगार साठवून एकेक कार्ड घ्यायची, सोन्याच्या वळ्यासारखी जपायची. रोलँडला हे कळत होतं. पुढच्या मॉडेलांना त्यांनी एसआरएक्स नावाची नवी कार्डं काढली, तीही लोकांनी घेतली. मग २००८ मध्ये फँटम-जी आला. दिसायला राजबिंडा, रंगीत रुंद स्क्रीन. पण एसआरएक्स कार्ड त्यात बसेना. त्याच्यासाठी एआरएक्स नावाची तिसरीच जात काढली आणि तिची कार्डं आली किती, तर तीन. ढोल-ड्रम, इलेक्ट्रिक पियानो, पितळी वाद्यं. संपली यादी. ज्यांच्याकडं जुन्या कार्डांची डबी होती त्यांनी ती डबी बघितली, नव्याची किंमत बघितली आणि जुनाच पुसून ठेवला. कीबोर्ड वाईट नव्हता. लोकांची शिदोरी बाहेर ठेवून आत या म्हणत होता.

किमतीचा विषय मी मुद्दाम मागं ठेवलाय, कारण तो सगळ्यांना आधी सुचतो. कॉर्गचा ओॲसिस, २००५ चा. आठ हजार डॉलर. आत चक्क कॉम्प्युटर, पेंटियम ४, लिनक्सवर चालणारा. तीन हजारांच्या आसपास बनले, २००९ ला बंद. लोकांनी हसून घेतलं. दोन वर्षांनी कॉर्गनं तेच डोकं निम्म्याहून कमी किमतीत क्रोनॉस म्हणून विकायला काढलं आणि तो वर्षानुवर्षं चालला. म्हणजे कल्पनेत खोट नव्हती. पहिल्यानं फक्त गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज चुकवला. असं अपयश मला फार अस्वस्थ करत नाही; ते भरून निघतं. अंगठ्याचं निघत नाही.

पुढचं सांगायला उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जावं लागेल. तिथं माझा एक शाळासोबती लेथ चालवतो. नवा कीबोर्ड आणला तेव्हा जुना कात्रीचा स्टँड त्याच्या वजनानं डुलायला लागला. उजव्या टोकाला जोरात वाजवलं की डावं टोक वर यायचं. मित्राकडं गेलो. त्यानं चौकोनी पाइप कापले, वेल्डिंग मारलं, चार पाय दिले, उंचीसाठी भोकं आणि पिना, वर रबराचे तुकडे. दुपारभरात स्टँड तयार. कीबोर्डाचं वजन ऐकून म्हणाला, "मर्दा, ह्यात इंजिन बसवलंय काय?" मग त्यानं विचारलं, "ह्याचे पार्ट कुठं मिळतात?" मी म्हटलं, कंपनीकडं. त्यानं नुसती मान हलवली. त्याच्या वडलांच्या काळात उद्यमनगरात ऑइल इंजिनं व्हायची, गुऱ्हाळांना आणि विहिरींना लागायची. शेतकरी विचारायचा तो पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नव्हता; बंद पडलं तर खोलणार कोण, हा होता.

खोलायची वेळ वर्षातच आली. मधल्या सप्तकातल्या तीन कळा मुक्या झाल्या. कळेखाली काळा ठिपका असलेलं रबर असतं, तो ठिपका झिजला की सूर येत नाही. एक्सपीला हे झालं की आमचा रिपेअरवाला जुन्या टीव्ही रिमोटचं रबर कापून बसवायचा, दीडशे रुपये घ्यायचा आणि वर चहा पाजायचा. नव्याचं रबर वेगळ्या मापाचं. मुंबईला विचारलं, दीड महिन्यानं उत्तर आलं, अख्खी पट्टीच बदलावी लागेल, ती परदेशातून येईल, पैसे आधी भरा. पट्टी आलीच नाही. मॉडेल बंद झाल्याची बातमी आली.

आणखी एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. कीबोर्ड एकटा विकला जातो, पण वाजतो घोळक्यात. एक्सपीच्या काळात कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव, सगळीकडं तो असायचा. नवं गाणं आलं की कुणीतरी त्याच्यासारखा टोन बनवायचा, फ्लॉपीवर घ्यायचा, आणि आठवड्यात ती फ्लॉपी पाच तालुके फिरून यायची. पुढं पेन ड्राइव्ह आले, टोनचे सेट करून विकणारे आले. त्यातून घर चालवणारे मला माहीत आहेत. लग्नाच्या सीझनला कुणाचा कीबोर्ड बंद पडला तर दुसऱ्याचा मागून न्यायचा, आपला सेट त्यात टाकायचा आणि कार्यक्रम करायचा. माझ्या नव्याचा टोन देणारा कुणी नव्हता, मागून आणायला दुसरा नव्हता. त्याची एक बारीकशी खुबी मला सापडली, दोन टोन कसे जोडायचे याची, तर ती सांगायला जिल्ह्यात माणूस मिळेना. दोन वर्षं मी अशी भाषा बोलत होतो जी फक्त मला येत होती.

या उलट जे टिकले ते बघा. यामाहाचा पीएसआर-आय४५५, रोलँडचा एक्सपीएस-१०, कॅसिओची 'आयएन' लागलेली मॉडेलं. पट्टीचे वादक त्यांना नाकं मुरडतात. प्लॅस्टिकचा डबा, कळा हलक्या, व्हायोलिन ऐकावंसं वाटत नाही. पण तबला आहे, तानपुरा आहे, आपले ठेके आहेत, आणि एका हातात उचलून एसटीत चढता येतं. व्यावसायिक कोणता, हे ठरवायचं माहितीपत्रकानं की बिदागीनं? मला विचाराल तर ज्यानं रात्रीचे पैसे मिळवून दिले तो. हे म्हणताना माझ्या जुन्या व्हायोलिनांची मला लाज वाटते, ते वेगळं.

मींडीचं दुःखही कुणाला कळलं नाही असं नाही. लंडनच्या रोली कंपनीनं सीबोर्ड काढला. कळांच्या जागी मऊ रबरासारखा उंचसखल पृष्ठभाग, बोट सरकवलं की सूर सरकतो. पेटीला दीडशे वर्षं जे जमलं नाही ते यात होतं. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. मी एकदा पुण्यात त्यावर बोटं ठेवून बघितली. फार सुंदर. आणि मला त्यावर सरळ 'सा रे ग म' नीट वाजवता येईना, पंचवीस वर्षं वाजवून. मी उठलो.

लेथवाला मित्र मात्र मला कीबोर्ड विकू नको म्हणत होता. त्यानं कुठंतरी टीबी-३०३ ची गोष्ट ऐकलीय. रोलँडनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवाल्यांच्या साथीला म्हणून एक छोटी चंदेरी पेटी काढली, बास म्हणजे खालचे जाडे सूर वाजवणारी. बास म्हणून कुणाला पटली नाही. दहा हजार नगांच्या आसपास बनवून १९८४ ला बंद. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ती आणि ज्युपिटर-८ नावाचा कीबोर्ड घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, रेकॉर्ड काढली; तीही चालली नाही. पुढं शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातनं ती पेटी उचलली, तिचे खुंटे वेडेवाकडे फिरवले आणि त्या आवाजावर नाचाचं एक नवं घराणंच उभं राहिलं. चरणजित सिंग यांची रेकॉर्डही लोकांनी कितीतरी वर्षांनी शोधून काढून डोक्यावर घेतली. "तसं तुझ्याचं होईल," मित्र म्हणतो. मी त्याला सांगितलं, ती पेटी बॅटरीच्या सेलवर चालायची आणि पिशवीत मावायची. स्वस्तात मिळाली म्हणून पोरांनी उचलली. माझा उचलायचा म्हणजे आधी तीन पोरं लागणार.

तर त्या दिवशी, माळ्यावरनं काढल्यावर, संध्याकाळी गडहिंग्लजहून एक मुलगा बघायला आला. बावीस-तेवीसचा असेल. बेंजो पार्टीत वाजवतो, गणपतीत टेम्पोवर उभा राहून. दारात चपला काढल्या, पाया पडला, पाणी प्यायला आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती काका?" मी खरं सांगितलं. त्यानं एक टोक उचलून बघितलं आणि सावकाश खाली ठेवलं.

मी चालू केला. निळी पट्टी सरकायला लागली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसलो. काय बोलावं कळेना. बायकोनं चहा आणून ठेवला तरी ती सरकतच होती. मग मी त्याला व्हायोलिनं लावून दिली. त्यानं दोन्ही हातांनी एक मोठी कॉर्ड धरली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "लै भारी आवाज हाय, काका. असला आमच्याकडं न्हाईच." पाच-दहा मिनिटं वाजवत होता. चांगला हात होता पोराचा. मधेच त्याचा डावा अंगठा बाजूला गेला, दांडी शोधत. तिथं काही नव्हतं. त्यानं खाली बघितलं, चाक बघितलं, काही बोलला नाही. मीही नाही. मग मुक्या कळांवर बोट आलं. तेही त्यानं दोनदा दाबून बघितलं.

"घरात विचारून सांगतो," म्हणाला. मला उत्तर कळलं होतं. चहा संपवून तो उठला, चपला घातल्या, आणि उंबऱ्यातून परत वळून आत बघायला लागला.

"काका, हा स्टँड कुठनं घेतला?"

"उद्यमनगरात करून घेतला. मित्रानं दिला करून."

त्यानं येऊन स्टँडला हात लावला, हलवून बघितला. हलला नाही. पिना काढून परत घातल्या. इतक्या वर्षांत एका वेल्डिंगला चीर नव्हती. "ह्यो देणार काय?"

आठशे रुपये ठरले. आम्ही दोघांनी कीबोर्ड उचलून दिवाणावर ठेवला, स्टँड घडी करून त्याच्या मोटरसायकलला मागं बांधला, आणि तो गेला. मी आत आलो तर बायको दिवाणापाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"आता ह्ये वर कोण नेणार?"